भाजे-कार्ल्याच्या डोंगरात मुलांना न्या

घोटावड्याहून मुलांना घेऊन कुठे जावे, असे कुणी विचारले की आम्ही भाजे-कार्ल्याचे नाव सांगतो. मळवली स्थानकाच्या एका बाजूला भाजे, दुसऱ्या बाजूला कार्ले. १५ वर्षांखालील मुलांना तिकीट नाही. फजरनंतर निघालो की उन्हाआधी भाजे पाहून होते. तिथे मुलांना १४ स्तूप मोजायला लावावेत. विहारातला रथ आणि हत्तीवरचा स्वार पाहताना ती हलतच नाहीत.

कार्ल्याला मात्र रविवार टाळावा, एकविरेच्या भाविकांची गर्दी असते. दादी-नानींना पायऱ्या जड जातात. घाई करू नये. चैत्यगृहाच्या छताला सुमारे २००० वर्षांपूर्वीच्या लाकडी कमानी अजून आहेत! खांबांवर ब्राह्मी लिपीत दात्यांची नावे आहेत. त्यांत धेनुकाकटाचे यवनही आहेत, म्हणजे परक्या मुलखातून आलेले लोक. त्यांनी खांबांसाठी दान दिले, म्हणून नाव कोरले गेले. आजची पोरे फुकटात बाण आणि बदाम कोरून जातात, आणि शेजारी उभे आईबाप फोटो काढत असतात. आम्ही निघण्यापूर्वीच मुलांच्या खिशातल्या चाव्या, खिळे काढून घेतो आणि हाती वही-पेन्सिल देतो. नक्षी वहीत उतरवावी.