सही शेवटी बघा

गेल्या आठवड्यात आपण जपानी पात्याचा मुठीत दडलेला भाग, म्हणजे नाकागो, पाहिला आणि त्यावरचा गंज कधीही घासायचा नाही, इथवर आलो होतो. या भागात त्सुबा. पातं आणि मूठ यांच्यामध्ये बसणारी ही चकती काताना तलवारीची असेल तर साधारण सात-आठ सेंटिमीटर व्यासाची असते, तळहातावर सहज मावते. हात घसरून पात्यावर जाऊ नये, समोरच्याचा वार बोटांवर येऊ नये आणि तलवारीचा तोल साधावा, ही तिची कामं. आपल्याकडच्या तलवारीची परज मुठीशी एकजीव असते. जपानी तलवारीचं तसं नाही. मुठीतली बांबूची बारीकशी खुंटी काढली की मूठ, त्सुबा, तिच्या दोन्ही बाजूंच्या पातळ चकत्या, सगळं सुटं होतं. त्यामुळे जुन्या पात्याला नवी त्सुबा चढवणं, दरबारात जाताना एक आणि एरवी दुसरी वापरणं हे सामुराई घराण्यांत नेहमीचं होतं. सुट्या त्सुबा आधीपासूनच होत्या. त्यांचा बाजार मात्र खऱ्या अर्थाने एका सरकारी हुकुमाने उभा राहिला.

28 मार्च 1876 रोजी मेइजी सरकारने सैनिक, पोलीस आणि समारंभी पोशाखातले अधिकारी सोडून इतरांना तलवार बाळगून फिरण्याची बंदी केली. पिढ्यानपिढ्या तलवारीचा साज घडवणाऱ्या कारागिरांचं गिऱ्हाईकच नाहीसं झालं. कानो नात्सुओसारखा अव्वल कारागीर तरला. त्याच्या हातून मेइजी काळातली नवी नाणी उतरली आणि पुढे तो तोक्योच्या कलाशाळेत शिकवू लागला. बाकीचे परदेशी गिऱ्हाइकांसाठी फुलदाण्या, धूपपात्रं घडवू लागले. सामुराई घराण्यांची चणचण वाढली तसा साज विकायला निघाला आणि युरोप-अमेरिकेतल्या हौशी मंडळींनी तो उचलला. बॉस्टनच्या ललित कला संग्रहालयात आज जो मोठा संग्रह आहे, त्यातला बराच भाग 1880च्या दशकात जपानमध्ये राहिलेल्या विल्यम स्टर्जिस बिगेलो यांनी जमवलेला.

आजही पातं आणि त्सुबा यांचे रस्ते वेगळे आहेत. जपानमध्ये पंधरा सेंटिमीटर किंवा त्याहून लांब पात्याला नोंदणीपत्र लागतं, देशाबाहेर न्यायचं तर सांस्कृतिक खात्याची परवानगी लागते. सुट्या त्सुबाला यातलं काही लागत नाही. पाकिटात घालून टपालाने पाठवता येते. म्हणून नवखा संग्राहक बहुधा त्सुबापासून सुरुवात करतो. खोटी वस्तू खपवणारालाही तीच सोयीची.

नवखा माणूस त्सुबा हातात आली की आधी मधल्या भोकाशेजारची अक्षरं वाचायला जातो. तिथेच तो फसतो. सोळाव्या शतकातल्या नोबुइएचं नाव लोखंडी त्सुबांमध्ये सर्वांत मोठं मानलं जातं. म्हणूनच त्या नावाच्या खोट्या सह्याही उदंड आहेत. क्योतोजवळच्या फुशिमीत राहून लोखंडावर डोंगर-नदीची चित्रं उमटवणाऱ्या कानेइएचंही तेच. मागणी वाढली तशी अक्षरं कोरणारे हातही वाढले, आणि त्यातले काही हात तर मुळातच कसबी होते.

उलट पाहिलं तर उत्तमोत्तम लोखंडी काम बिनसहीचं आहे. ओवारी प्रांतातल्या जुन्या जाळीकामाच्या त्सुबांवर बहुतेक नाव नसतं. हिगो प्रांतातला हायाशी मातशिची मुळात बंदुका घडवणाऱ्या घराण्यातला. त्याच्या सहीचं काम अगदी थोडं. गोतो घराण्याचा पहिला पुरुष यूजो पंधराव्या शतकात होऊन गेला, आणि या घराण्याच्या सुरुवातीच्या पिढ्यांनी आपल्या कामावर सह्या घातल्याच नाहीत. मग पुढच्या पिढ्यांनी पूर्वजांचं काम पारखून त्यावर त्यांची नावं कोरली. म्हणजे वस्तूवर यूजोचं नाव असतं, अक्षर त्याच्या वंशजाचं असतं, आणि तरीही त्याला कुणी खोटं म्हणत नाही! सही पाहून वस्तू घेणाऱ्याने या एका घराण्यापुढे तरी हात टेकावेत.

तर मग बघायचं काय? आधी काठ. त्सुबा सपाट न धरता आडवी, डोळ्यांच्या रेषेत धरावी. जुन्या घडीव लोखंडाच्या काठावर कधी कधी बारीक उंचवटे दिसतात, कातडीखालच्या हाडासारखे. जपानी संग्राहक त्यांना तेक्कोत्सु म्हणतात. लोखंड ठोकून घडवताना कठीण आणि मऊ भाग नीट एकजीव न झाल्याने ते राहतात. ओवारीच्या त्सुबांत हे मोठं भूषण समजलं जातं. मग जाळीच्या आतल्या भिंती पाहाव्यात. कापून, कानशीने घासून काढलेली भिंत स्वच्छ असते, कडा सरळ असतात. साच्यात ओतलेल्या नकलेत आत खरखर दिसते, कोपरे गोलावलेले असतात, कुठे साच्याच्या सांध्याची बारीक रेघही सापडते. सोनार रुपया वाजवून बघायचा तसं काही जण त्सुबा दोऱ्याला टांगून नखाने वाजवतात. घडीव लोखंड लांबत जाणारा स्वर देतं, ओतीव बहुधा ठप्प वाजतं. या एका परीक्षेवर पैसे मोजू नयेत, पण करून बघायला हरकत नाही.

त्यानंतर मधलं भोक. मला विचाराल तर त्सुबाचा सगळा पूर्वेतिहास इथे असतो. पातं बदललं की भोक नव्या नाकागोला जुळवून घ्यावं लागे. सैल झालं तर वरखाली तांब्याचे तुकडे ठोकून बसवत, किंवा भोकाच्या कडेला छिन्नीचे ठोके मारून लोखंड आत ढकलत. हे ठोके आणि तांब्याचे घासून गुळगुळीत झालेले तुकडे सांगतात की ही त्सुबा एकाहून अधिक पात्यांवर चढली असावी. भोवतालचा लंबगोल भाग चकत्यांच्या दाबाखाली असायचा, त्यामुळे त्याचा रंग बाकीपेक्षा किंचित वेगळा दिसतो. भोक कोरंकरकरीत आणि सगळीकडे एकच रंग असेल तर दोन शक्यता उरतात. एक, ती कधी तलवारीवर चढलीच नाही. इदो काळाच्या उत्तरार्धात नुसत्या संग्रहासाठीही त्सुबा घडत होत्या, तेव्हा यात वावगं काही नाही. दुसरी शक्यता वाचकांना सांगायला नको.

कागदांचं काय, असं अनेक जण विचारतात. जपानमध्ये 1948 साली तलवारींच्या जतनासाठी जी संस्था निघाली, तिची प्रमाणपत्रं सगळीकडे चालतात. होझोन, तोकुबेत्सु होझोन, जूयो आणि तोकुबेत्सु जूयो अशा चढत्या पायऱ्या आहेत. कागदावर वस्तूचा फोटो असतो, तो त्सुबाशी जुळवून पाहावा. घाईत हेही राहून जातं. 1982 पूर्वीच्या जुन्या पद्धतीच्या कागदांवर बाजार तितका विसंबत नाही. झाकणावर नामांकित जाणकाराने अभिप्राय लिहिलेल्या किरीच्या लाकडाच्या पेट्याही मिळतात. सासानो मासायुकी यांच्या हातची पेटी असली की किंमत लगेच वर जाते. पण पेटी खरी आणि आतली त्सुबा दुसरीच, हा प्रकार काही दुर्मीळ नाही. पेटीत त्सुबासाठी कापडात केलेला खळगा असतो, त्यात ती नेमकी बसते का, हे बघायला फुकट आहे.

घरी आणल्यावर तिला काही करू नका. मूळ तांबूस-काळा, जांभळट झाक असलेला थर हा गंजच आहे, पण तो हवा असलेला गंज. केशरी, भुगा सुटणारा गंज तेवढा काढावा. त्यासाठी लोक हाडाचा किंवा शिंगाचा तुकडा आणि सुती कापड वापरतात, आणि महिनोन्महिने रोज थोडं थोडं चोळत राहतात. तारेचा ब्रश, लिंबू, आम्ल यांपैकी काहीही लागलं की तीन-चारशे वर्षांचा थर एका संध्याकाळी उतरतो आणि वस्तू भंगाराच्या भावाला येते. दुकानदार अशा घासलेल्या त्सुबाला पुन्हा रंग चढवून विकतात, त्या तेलकट आणि सगळीकडे एकसारख्या काळ्या दिसतात.

पुढच्या भागात लोखंड सोडून शाकुदोकडे वळू. तांब्यात शेकडा चार-पाच भाग सोनं मिसळून, मग क्षारांच्या द्रावणात उकळून त्याला निळसर काळा रंग आणतात. हा रंग फक्त पृष्ठभागापुरता असतो, तेव्हा कुणाकडे अशी काळी चकती असेल तर पुढचा भाग वाचेपर्यंत तिला पितळ चकचकीत करायचं पॉलिश लावू नका.