क्षमा, ख्रिस्ती धर्मातील

मानवाच्या हट्टी अवज्ञेला ईश्वर धीराने देत असलेल्या प्रतिसादाविषयीची ख्रिस्ती धर्मातील मूलभूत संकल्पना. ह्या श्रद्धेनुसार पाप म्हणजे केवळ नियमभंग नव्हे, तर ईश्वराकडे जाणूनबुजून पाठ फिरविणे होय. जुन्या करारात सोन्याच्या वासराची पूजा करणाऱ्या इझ्राएल लोकांना ‘ताठ मानेचे’ म्हटले आहे. जू मानेवर घेऊ न देणाऱ्या बैलाची ही प्रतिमा मानली जाते. होशेय ह्या संदेष्ट्याने आपल्या व्यभिचारी पत्नीचा पुन्हा स्वीकार केला, हे ईश्वराच्या न आटणाऱ्या प्रेमाचे प्रतीक ठरले. योनाच्या कथेत मात्र निनवे ह्या शत्रुनगरीला क्षमा मिळाली म्हणून खुद्द संदेष्टाच रुष्ट होतो. दुसऱ्याला मिळालेली क्षमा न साहणे, हाही हट्टच होय.

नव्या करारातील उधळ्या पुत्राच्या दाखल्यात (लूक १५) हेच सूत्र आढळते. परतणाऱ्या धाकट्याला पिता धावत जाऊन मिठी मारतो. रुसून घराबाहेर थांबलेल्या थोरल्याचीही तो बाहेर येऊन समजूत घालतो. थोरला आत गेला किंवा नाही, हे दाखल्यात सांगितलेले नाही. क्षमा देऊ केली जाते. तिची सक्ती केली जात नाही. ख्रिस्ताला तीनदा नाकारणाऱ्या पेत्राला पुनरुत्थित ख्रिस्त तीनदा प्रेमाविषयी विचारून पुन्हा सेवेस लावतो (योहान २१). तथापि धीर म्हणजे ढिलाई नव्हे. निष्फळ अंजिराच्या झाडाला आणखी एकाच वर्षाची मुदत मिळते (लूक १३). स्वतःचे प्रचंड ऋण माफ झालेला, पण सोबत्याचे अल्प ऋण न सोडणारा चाकर शिक्षेस पात्र ठरतो (मत्तय १८).

मनुष्य स्वबळावर हट्ट सोडू शकतो किंवा त्यासाठीही ईश्वरी कृपा लागते, ह्या प्रश्नावर सेंट ऑगस्टीन व पेलेजियस ह्यांच्यात वाद झाला. ४१८ च्या कार्थेज धर्मपरिषदेने पेलेजियसची मते त्याज्य ठरविली. लॅटरनच्या चौथ्या परिषदेने (१२१५) वर्षातून किमान एकदा पापनिवेदन बंधनकारक केले. पापक्षमापत्रांच्या विक्रीविरुद्ध मार्टिन ल्यूथर ह्याने १५१७ मध्ये आवाज उठविला. क्षमा विकत मिळत नाही, असे त्याचे प्रतिपादन होते.

खऱ्या पश्चात्तापाची खूण आचरणात दिसते. जक्कय हा जकातदार लुबाडलेले धन चौपट परत करण्याचे वचन देतो (लूक १९). ख्रिस्ती धर्माच्या ह्या आचारप्रधान अंगावर वर्धा येथील मगनवाडीत अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाचे (स्थापना १९३४) कार्य करणारे अर्थतज्ञ जे. सी. कुमारप्पा (१८९२–१९६०) ह्यांनी भर दिला. जबलपूरच्या तुरुंगात त्यांनी लिहिलेल्या ‘प्रॅक्टिस अँड प्रिसेप्ट्स ऑफ जीझस’ (१९४५) ह्या ग्रंथास महात्मा गांधींची प्रस्तावना आहे. ख्रिस्ताची शिकवण दैनंदिन व आर्थिक व्यवहारात उतरली पाहिजे, अशी त्यांची भूमिका होती. ह्या दृष्टीने, क्षमा पावलेल्या मनुष्याची कसोटी प्रार्थनामंदिराइतकीच बाजारपेठेतही लागते.