भिंत काढण्यापूर्वी

पुण्याच्या डेक्कन जिमखान्यासारख्या वस्त्यांत स्वातंत्र्याच्या आगेमागे विटांची जी घरे उभी राहिली, त्यांची रचना त्या काळच्या कुटुंबरीतीस अनुसरून झालेली असे. पुढे बैठकीची खोली, मध्ये माजघर, मागे स्वयंपाकघर, आणि प्रत्येकीस स्वतंत्र भिंती. आज त्याच घरांत राहणाऱ्या नातवंडांस मधली भिंत जावी, परसाकडचा उजेड पुढल्या दारापर्यंत पोहोचावा, आणि स्वयंपाक करणारे माणूस घरातल्या गप्पागोष्टींस पारखे होऊ नये असे वाटते, ही इच्छा मला सर्वथा रास्त वाटते. घरातील स्त्रियांचे निम्मे आयुष्य ज्या भिंतीआड गेले, ती जाणे इष्टच आहे. मात्र ती भिंत नुसता आडोसा आहे की वरच्या मजल्याचा आधार आहे, याचा निर्णय झाल्यावाचून तिच्यावर छिन्नी चालवणे म्हणजे घरातल्या माणसांचा जीव पणाला लावणे होय.

साडेचार इंची पडदी सामान्यतः केवळ स्वतःचेच वजन पेलते आणि नऊ इंची भिंत सामान्यतः स्लॅबचे. पण जाडी ही एक खूण झाली, पुरावा नव्हे. वरच्या मजल्यावर नेमकी तिच्याच माथ्यावर दुसरी भिंत उभी आहे काय, आणि जुन्या घरात कडीपाटाच्या कड्यांची टोके तिच्यावर टेकली आहेत काय, हे पाहिल्यावाचून निदान पुरे होत नाही. अशा भिंतीवर किती भार असतो याची कल्पना साध्या हिशेबाने येते. पाच इंची स्लॅब, फरशी आणि माणसे-सामान यांचा हिशेबी भार मिळून चौरस मीटरला सुमारे 600 किलो होतात. दोन्ही बाजूंच्या तीन-तीन मीटर रुंद खोल्यांचा अर्धा अर्धा वाटा भिंतीवर येतो, आणि वर दुसरी नऊ इंची भिंत असल्यास तिचे वजन निराळे. चार मीटरची वाट मोकळी करावयाची, तर बारा टनांच्या आसपासचे हे ओझे नव्या तुळईने पेलावे लागते, व तिच्या प्रत्येक टोकाखाली जेमतेम वीतभर जागेवर सहा टन येतात. तुळई भक्कम घातली, पण टोकाखालच्या विटा तशाच ठेवल्या, तर त्या चिरडल्या जाण्याचा धोका असतो. यासाठी तेथे काँक्रीटचा ठोकळा बसवून भार पसरून द्यावा लागतो, आणि प्रसंगी पायासुद्धा तपासावा लागतो.

जाणता मिस्त्री ही भिंत एकदम पाडत नाही. प्रथम स्लॅबला दोन्ही बाजूंनी टेकू दिले जातात, आणि खाली आणखी मजला असल्यास तेथेही, नाहीतर भार एका फरशीवरून दुसऱ्या फरशीवर ढकलल्यासारखे होते. मग भिंतीची अर्धीच जाडी एका अंगाने कोरून पहिला लोखंडी गर्डर आत सरकवतात. त्याच्या माथ्यावरील फट अगदी कमी पाण्याच्या घट्ट सिमेंट-वाळूने ठोकून ठोकून भरतात, कारण तेथे बोटभर पोकळी राहिली तर टेकू काढताच वरची भिंत तेवढी खचते. तो माल पुरता कठीण झाल्यावरच दुसऱ्या अंगाची जाडी कोरली जाते, दुसरा गर्डर बसतो, दोन्ही बोल्टांनी एकत्र आवळले जातात, आणि मग खालच्या विटा निघतात. वरच्या मजल्यावर आधीची तड असेल, तर तिच्यावर काचेची पट्टी सिमेंटने चिकटवून ठेवावी. काम चालू असता ती पट्टी तडकली, तर काम तत्काळ थांबवून इंजिनिअरास बोलवावे.

माझे मत असे, की भिंत समूळ काढण्यापेक्षा तिची दोन्ही टोके राखून मध्ये रुंद वाट करावी. उजेड व वारा यांत फारशी उणीव येत नाही, आणि भूकंपात घराला आडवा जोर देण्याचे कामही भिंत काही अंशी करीतच राहते. पेठांतल्या वाड्यांत भार खांबांवर असल्याने दोन खांबांमधल्या खणातली भिंत कधी कधी काढता येते. खांबाला मात्र हात लावू नये.

सिमेंटच्या सांगाड्याच्या इमारतींत पडद्या हलवणे तुलनेने सुलभ असले, तरी खांब व तुळया अस्पर्श राहिल्या पाहिजेत. घाटकोपर येथील सिद्धी साई ही इमारत 25 जुलै 2017 रोजी कोसळून 17 माणसे मृत्युमुखी पडली, तेव्हा तळमजल्यावरील फेरबदलांत खांबांना इजा पोहोचल्याचा आरोप झाला होता. ॲल्युमिनियमच्या साच्यांत ओतलेल्या अलीकडच्या उत्तुंग इमारतींत तर बहुतेक भिंती काँक्रीटच्या व भारवाहक असतात, म्हणून तेथे पडदी समजून दारसुद्धा रुंद करू नये. बाल्कनी दिवाणखान्यात सामील करण्याची हौसही जपून पुरवावी, कारण अधांतरी सज्ज्याच्या मुख्य सळया वरच्या अंगास असतात. फरशी उखडताना त्या दुखावल्या आणि कडेला विटांची भिंत चढली, तर सज्जा दोन्हीकडून संकटात येतो.

संरचनेस हात लावणाऱ्या कामासाठी परवानाधारक स्ट्रक्चरल इंजिनिअरचा नकाशा, नगरपालिकेची मंजुरी आणि सोसायटीची लेखी संमती हवी. सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार 15 ते 30 वर्षे वयाच्या इमारतीची दर पाच वर्षांनी, व त्याहून जुन्या इमारतीची दर तीन वर्षांनी संरचनात्मक तपासणी व्हावयाची असते. म्हणून त्या नकाशाची एक प्रत सोसायटीच्या दफ्तरी जमा करावी, म्हणजे पुढील तपासणीस येणाऱ्या इंजिनिअरास गिलाव्याआड कोणता गर्डर कोठे आहे हे कळेल.