वेळासची पिल्लं आणि खालांचं सांदण

फजरची नमाज होताच आम्ही बाणकोटहून निघालो. वेळासचा किनारा गाडीने पंधरा-वीस मिनिटांवर. मागे दोन्ही मुलं अर्धवट झोपेत. ज्यांना आम्ही "तुम्ही आराम करा" म्हणालो होतो, त्या सासूबाई मात्र सगळ्यांच्या आधी चपला घालून तयार. त्यांचं माहेर बाणकोटचं, पण कासवाचं पिल्लू त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. अंडी पाहिली होती. "टोपलीतून दारावर विकायला यायची," असं त्यांनी सहज सांगितलं आणि मुलं खाडकन जागी झाली.

वेळास रत्नागिरी जिल्ह्याच्या मंडणगड तालुक्यातलं छोटं गाव, नाना फडणवीसांचं मूळ गाव. ऑलिव्ह रिडले जातीची मादी रात्री किनाऱ्यावर येते, वाळूत दीड फुटाचा खड्डा करून शंभरेक अंडी घालते, वाळू सारखी करते आणि मागे वळून न पाहता समुद्रात निघून जाते. पूर्वी ही अंडी माणसं, कोल्हे आणि कुत्रेच संपवत. चिपळूणच्या सह्याद्री निसर्गमित्र संस्थेने २००२ साली गावकऱ्यांना बरोबर घेऊन इथे संवर्धन सुरू केलं. आता अंडी काढून जाळीच्या कुंपणात तेवढ्याच खोल पुरतात आणि वर टोपली उपडी ठेवतात. साधारण पन्नास-पंचावन्न दिवसांनी पिल्लं वर येतात. नर की मादी, ते वाळूची ऊब ठरवते. ऊब जास्त असेल तर माद्या. अल्लाहची कुदरत!

सातच्या सुमारास एकेक टोपली उचलली गेली. खाली नुसती वाळू. शेवटची उचलली, तिथेही काही नाही. धाकटा रडकुंडीला आला. कुंपणाजवळचा गावातला मुलगा म्हणाला, "संध्याकाळी सहाला या, पण खात्री नाही देत." आम्हाला तर दुपारीच मुंबईला निघायचं होतं. सासूबाई एवढंच म्हणाल्या, "बघू."

परतताना बाणकोटचा किल्ला पाहिला. याचं नाव हिम्मतगड. अठराव्या शतकात इंग्रजांनी घेतला आणि फोर्ट व्हिक्टोरिया म्हटलं. व्हिक्टोरिया राणी जन्मली १८१९ साली, तेव्हा या नावाशी तिचा संबंध नाही, हे मुलांना पटवायला मला बराच वेळ लागला. तटावरून सावित्रीची खाडी समुद्राला मिळताना दिसते. पलीकडे बागमांडला आणि मध्ये गाड्या घेऊन जाणारी फेरीबोट. खाली तिवरांच्या कडेला बगळे, तारेवर खंड्या, आणि डोक्यावर तांबूस पंखांची, पांढऱ्या डोक्याची ब्राह्मणी घार. मुलगी वहीत नोंदी करत होती.

दुपारी खालांकडे. या सासूबाईंच्या चुलत बहीण. त्यांच्या आळीतली बरीच घरं कुलूपबंद आहेत. कोणी कुवेतला, कोणी मुंब्र्याला. सासूबाईंचं माहेरघरही बंद, आणि विकावं की ठेवावं यावर भावंडांचं दोन वर्षं एकमत होत नाही. तो विषय जेवताना निघालाच, पण खालांनी ताटं वाढायला घेतली.

तांदळाची भाकरी, कोलंबीचं कालवण, तिसऱ्यांचं सुकं, सोलकढी. माझं माहेर सोलापूरचं, हनफी. सासर शाफई. लग्नाला सोळा वर्षं झाली तरी शिंपल्यातलं काही मी खात नाही. खालांनी न विचारता माझ्या ताटात तळलेला बांगडा ठेवला. मुलं तिसऱ्यांवर तुटून पडली होती.

शेवटी सांदण. तांदूळ भिजवून वाटायचे, त्यात नारळाचं पाणी आणि खवलेलं खोबरं, रात्रभर फुगू द्यायचं आणि वाट्यांत घालून वाफवायचं. बरोबर नारळाचं गोड दूध. मुलीने वही पुढे केली, "खाला, पाणी किती?" खाला हसल्या. "हात बुडवून बघायचं." मग त्यांनी तिला स्वयंपाकघरातच नेलं आणि दुसऱ्या दिवशीसाठी तांदूळ भिजत घातले. आम्ही निघणार असल्याचं कोणी त्यांना सांगितलं नव्हतं, की त्यांनी ऐकलं नव्हतं, कोण जाणे. मुंबईचं जाणं रद्द झालं.

सहाला पुन्हा वेळास. दुसऱ्या रांगेतली टोपली उचलली आणि गर्दीतून "आहेत!" असा आवाज आला. काळपट, तळहातात मावतील एवढी अकरा पिल्लं. ती थेट पाण्यात सोडत नाहीत, काही अंतरावर वाळूत ठेवतात, म्हणजे स्वतः चालत जातात. आम्ही सगळे दोरीमागे. मोबाइलचा फ्लॅश लावायचा नाही, कारण पिल्लं उजेडाच्या दिशेने भरकटतात.

यांतल्या मोजक्याच माद्या मोठ्या होतील, आणि त्या अंडी घालायला बहुधा याच भागातल्या किनाऱ्यावर परततील, असं त्या मुलाने सांगितलं. सासूबाईंनी त्याला दोनदा विचारलं, "इथेच?"

दहा पिल्लं गेली. अकरावं मध्येच थांबलं. लाटेने त्याला उलटं मागे आणून टाकलं. धाकट्याने माझा हात घट्ट धरला. पुढची लाट आली तेव्हा ते दिसेनासं झालं. मगरिबची वेळ झाली होती. सासूबाईंनी तिथेच कोरड्या वाळूवर ओढणी अंथरली.