आधी बाहुलीला सलाईन

"काही नाही रे, मुंगी चावेल फक्त!" असं म्हणत चार वर्षांच्या पोराचा हात घट्ट धरायचा आणि सलाईन लावून मोकळं व्हायचं, ही आपली जुनी रीत. पण मुंगी काही इतकी जोरात चावत नाही, हे पोराला लगेच कळतं आणि पुढच्या वेळी ते आपल्यावर विश्वासच ठेवत नाही. त्यात "जेवला नाहीस तर डॉक्टरकाका टुच्च करतील" हे घरी ऐकलेलं. म्हणजे सुई ही शिक्षा, असा त्याचा हिशोब पक्का.

तो मोडायला खेळ लागतो. खेळ हा उपचाराचाच भाग मानून एमा प्लँक या शिक्षिकेने १९५५ साली अमेरिकेत, क्लीव्हलंडच्या रुग्णालयात असं काम सुरू केलं. त्याला फार साहित्य लागत नाही.

सुईच्या तासभर आधी हातावर बधिर करणारं मलम लावतात. ते मुरेपर्यंत मुलासमोर कापडी बाहुली, कापूस, चिकटपट्टी आणि सुई काढलेली नवी सिरिंज ठेवावी. आधी ते नुसतं बघतं. मग सिरिंज उचलून बाहुलीच्या हातावर, पोटावर, अगदी डोळ्यावरही दणादण टोचत सुटतं. "अरे, हळू!" हे शब्द आपल्या ओठांवर येतात, ते गिळावेत. आजवर सगळे त्याला टोचत आले, आज सिरिंज त्याच्या हातात आहे. जरा वेळाने तेच बाहुलीला थोपटू लागतं. तेव्हा सांगावं, "सुई लगेच बाहेर येते बरं का, आत राहते ती मऊ नळी." सुई आतच आहे या भीतीने कितीतरी मुलं हात हलवत नाहीत.

त्याच सिरिंजमध्ये रंगाचं पाणी भरून कागदावर पिचकाऱ्या मारू द्याव्यात.

प्रत्यक्ष वेळेला मुलाला आडवं दाबून धरू नये, आईच्या मांडीवर बसवावं. "टोचू का?" असं विचारू नये, कारण नाही म्हणायची मुभा त्याला नसतेच. "बसून साबणाचे फुगे उडवायचे की गोष्ट ऐकायची?" हे मात्र जरूर विचारावं. फुगा मोठा व्हायला फुंकर लांब आणि हळू लागते, त्याने श्वास आपसूक संथ होतो. रडू आलं तर रडू द्यावं. हात स्थिर ठेवणं, एवढंच त्याचं काम.

झाल्यावर बाहुली पुन्हा त्याच्याजवळ द्यावी. तिचीही पट्टी बदलायची असते.