गळवावर उरलेली गोळी नको

जेद्दातल्या औषधाच्या दुकानांत 2018पर्यंत चिठ्ठीशिवाय अँटिबायोटिक सहज मिळे. त्या वर्षी सौदी सरकारने चिठ्ठीच्या नियमाची कडक अंमलबजावणी सुरू केली. नियम मोडल्यास एक लाख रियालपर्यंत दंड आणि सहा महिन्यांपर्यंत कैद. पण मागच्या आजारपणातलं किंवा गावाहून आणलेलं अमॉक्सिसिलिन घराच्या कपाटात असेल, तर तिथे कायदा पोचत नाही. मुलाच्या गळवावर ते देणं व्यर्थ आहे. गळू बहुधा स्टॅफिलोकॉकस ऑरियसमुळे होतं, आणि या जंतूचे बहुतेक प्रकार अमॉक्सिसिलिन तोडणारं विकर बनवतात. त्यांच्यावर उपाय म्हणून 1959मध्ये मेथिसिलिन आलं. 1961मध्येच ब्रिटनमध्ये त्यालाही दाद न देणारे जंतू सापडले.

‘डॉक्टर गाठेपर्यंत पोर कळवळतं, पैसेही जातात,’ हा आक्षेप खरा आहे. पण चुकीच्या गोळीने ठणका थांबत नाही. औषधाला बळी पडणारे जंतू मरतात आणि न जुमानणाऱ्यांना रान मोकळं मिळतं. पू साचला असेल तर चीर देऊन निचरा करणं हाच मुख्य उपचार. अँटिबायोटिक कोणतं लागेल, हे पुवाच्या तपासणीतून कळतं. गळू घरी पिळू नका, जखम झाका, टॉवेल वेगळा ठेवा. ताप, पसरणारी लाली किंवा मलूलपणा दिसला, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.