कुलूप बदलले, पण चोर घरातच असेल तर?

विशेष प्रतिनिधी

कामगारांचे पगार, पुरवठादारांची देणी, गोदामातील मालाची नोंद आणि वर्षअखेरचा ताळेबंद, मोठ्या उद्योगाचा हा सारा कारभार आज एकाच संगणकप्रणालीवर चालतो. ईआरपी या नावाने ओळखल्या जाणाऱ्या अशा प्रणालीलाच भगदाड पडले तर काय करावे, हा प्रश्न एप्रिल २०२५ मध्ये जगभरातील अनेक कंपन्यांपुढे उभा राहिला. जर्मनीच्या सॅप या कंपनीच्या 'नेटवीव्हर' प्रणालीत अत्यंत गंभीर त्रुटी आढळली होती. अशा त्रुटींची तीव्रता दहापैकी गुण देऊन मोजली जाते. या त्रुटीला पूर्ण दहा गुण मिळाले.

नेमके काय घडले?

नेटवीव्हरमध्ये 'व्हिज्युअल कंपोझर' नावाचे एक साधन आहे. प्रोग्रॅमिंग न येणाऱ्या कर्मचाऱ्यालाही त्याच्या साह्याने कामापुरती अ‍ॅप्लिकेशन्स तयार करता येत. २०१५ पासूनच हे साधन कालबाह्य ठरले होते. तरीही असंख्य ठिकाणी ते तसेच सुरू राहिले. त्यात फाइल चढविण्याची जी सोय होती, तेथे 'आपण कोण?' हे विचारणारा पहारेकरीच नव्हता. इंटरनेटवरून कोणीही अनोळखी व्यक्ती पासवर्डविना तेथे स्वतःची फाइल ठेवू शकत होती. हल्लेखोरांनी तेथे 'वेब शेल' ठेवले. वेब शेल म्हणजे दूरवरून हुकूम सोडता येईल अशी छोटीशी फाइल. ती एकदा आत गेली की प्रणालीच्या प्रमुख प्रशासकाचे अधिकार जणू हल्लेखोराच्या हाती येतात. मग बँक खात्यांचे तपशील वाचणे, बदलणे किंवा सारा कारभार ठप्प करणे अवघड राहत नाही.

रिलायाक्वेस्ट या सुरक्षा कंपनीने २२ एप्रिल रोजी या हल्ल्यांचा अहवाल प्रसिद्ध केला. घुसखोरी झालेल्या काही प्रणालींवर तोवरच्या सर्व दुरुस्त्या बसविलेल्या होत्या, ही त्यातील धक्कादायक बाब होती. म्हणजे त्रुटी नवी होती आणि ती निर्मात्यांच्या आधी हल्लेखोरांच्या हाती लागली होती. सॅपच्या दुरुस्त्या एरवी दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी प्रसिद्ध होतात. या वेळी मात्र तोवर न थांबता २४ एप्रिल रोजी तातडीची दुरुस्ती देण्यात आली.

निर्णय सोपा नसतो

दुरुस्ती आली की ती लगेच बसवावी, हे सांगणे सोपे आहे. प्रत्यक्षात ईआरपी बंद ठेवायची म्हणजे बिले, खरेदी आणि मालाची रवानगी सारेच थांबवायचे. त्यातच महिनाअखेरचे हिशेब आणि पगार तोंडावर आलेले. चाचणी न घेता दुरुस्ती बसवावी तर दुसरेच काही बिघडण्याची धास्ती. अशा वेळी मधला मार्ग उपयोगी पडतो. फाइल चढविण्याचा तो भाग काढून टाकणे, निदान त्याकडे येणारी इंटरनेटची वाट बंद करणे, हे काम कारभार न थांबवता होऊ शकते. अर्थात, हा बंदोबस्त तात्पुरता. दुरुस्तीला तो पर्याय नव्हे.

त्याहून आधीचे काम म्हणजे आपल्याकडे काय काय आहे, याची यादी. व्हिज्युअल कंपोझर मूळ प्रणालीसोबत आपोआप बसत नाही. त्यामुळे ते आपल्याकडे सुरू आहे की नाही, हेच अनेकांना शोधावे लागते. ज्याची नोंद नाही, त्याचे रक्षण कोण करणार?

दुरुस्तीनंतरची झडती

सर्वांत महत्त्वाचा धडा मात्र पुढे आहे. दुरुस्ती दार बंद करते. आधीच आत शिरलेल्याला ती बाहेर काढत नाही. ओनॅप्सिस या संस्थेच्या निरीक्षणानुसार, या त्रुटीची चाचपणी जानेवारी २०२५ मध्येच सुरू झाली होती. पुढे तर पहिल्या टोळ्यांनी मागे ठेवलेल्या वेब शेलचा वापर करून दुसऱ्याच टोळ्या आत शिरल्या. म्हणून अनोळखी फाइल्सचा शोध, जानेवारीपासूनच्या लॉगची तपासणी आणि पासवर्ड बदलणे ही कामे दुरुस्तीइतकीच निकडीची ठरतात. शिवाय १३ मे रोजी सॅपने याच साधनातील आणखी एका त्रुटीची दुरुस्ती दिली. पहिली दुरुस्ती बसवून निर्धास्त झालेल्यांना पुन्हा कामाला लागावे लागले.

अमेरिकेच्या सायबर सुरक्षा यंत्रणेने केंद्रीय नागरी खात्यांना पहिल्या त्रुटीसाठी २० मेची मुदत दिली होती. भारतात सर्ट-इनच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार अशी घुसखोरी लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवावी लागते, तसेच लॉग १८० दिवस जपावे लागतात. ही अट अनेकांना जाचक वाटते. परंतु चोर केव्हा आला आणि कोठवर पोहोचला, हे सांगणारा साक्षीदार त्या लॉगखेरीज दुसरा नसतो.